ट्रॅक रात्रभर व्हिनेगरमध्ये? अहो, जस्त आहे ते!

दातेरी
काल इथे, रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल टँकच्या गटावर, कुणीतरी सल्ला दिला: "पांढरे पडलेले धातूचे ट्रॅक रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी नळाखाली धुवा, नव्यासारखे होतात." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

टायगर, पँथर या रणगाड्यांच्या १:१६ मॉडेलला मिळणारे धातूचे ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचे कड्यांचे पट्टे, बहुतेक पोलादाचे नसतात. कड्या जस्ताच्या मिश्रधातूत, झॅमॅकमध्ये ओतलेल्या असतात. पोलादी असते ती कड्या जोडणारी पिन. चुंबक लावा: पिनेला चिकटेल, कडीला नाही. कडीवरचा पांढरा थर हा जस्ताचा गंज. व्हिनेगर तो काढतं आणि तिथे न थांबता खालचं जस्तही खातं. बुडबुडे येतात ते मळ निघतो म्हणून नव्हे, जस्त विरघळून हायड्रोजन सुटतो म्हणून. पिना आत ठेवल्या असतील तर आणखी वाईट. आम्लात जस्त आणि पोलाद एकमेकांना टेकले की झिजतं जस्त, आणि सर्वात जास्त पिनेच्या भोकापाशी. भोक सैल झालं की कडीगणिक लांबी वाढते, पट्टा ढिला पडतो, स्प्रॉकेटचे, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या चाकाचे, दात नीट बसत नाहीत आणि वळताना ट्रॅक उतरतो. मग लोक आयडलर, म्हणजे पट्टा ताणून धरणारं टोकाचं चाक, ताणत बसतात. दोष आयडलरचा नसतोच.

योग्य रीत: पिना काढा, पितळी तारेच्या ब्रशने कड्या कोरड्याच घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेअर ड्रायरने वाळवा, शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात द्या.

खाडीकाठचा पँथर
सल्ला माझा होता. "रात्रभर" हे चुकलं, मान्य. पण कोरड्या ब्रशने होतं हे लिहिणाऱ्याने समुद्राच्या वाळूत चालवलेला ट्रॅक उघडून बघावा. कडीच्या आतल्या बाजूला ट्रॅक चाकांवर धरून ठेवणारा मार्गदर्शक दात असतो, त्याच्या पोकळीत ब्रश जातच नाही. आत मीठ राहिलं की पावसाळी हवेत ते ओल धरतं आणि आठवड्यात पांढरं परत येतं. आधी कोमट साध्या पाण्याच्या दोन-तीन आंघोळी, मीठ निघेपर्यंत. मग एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, ब्रशने लावून अर्धं मिनिट. लगेच खायच्या सोड्याचं पाणी, एका पेल्याला एक चमचा. पुन्हा साधं पाणी. घड्याळ लावून केलं तर कडीला काही होत नाही.

दातेरी
अर्धं मिनिट आणि रात्रभर यांत फरक आहे की नाही? काल हे लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. मीठ आधी पाण्याने काढायचं हे मात्र बरोबर, माझ्या यादीत ते राहिलं होतं. पिना काढूनच, एवढं माझं जोडा.

पिनियन
तुम्ही दोघंही फक्त ट्रॅकवर अडलात. गिअरबॉक्सचे गिअर पोलादी असतील तर तिथे तांबडा गंज आणि तिथे आम्ल चालतं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त, गिअर सुटे करून अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत, मधूनमधून बघत. मग सोड्याचं पाणी, वाळवण, तेल, ग्रीस. मोटर मात्र कशातही बुडवू नका. तिच्या बुशमध्ये, म्हणजे दांडा फिरतो त्या धातूच्या नळीत, मुरवलेलं तेल असतं. अल्कोहोलने धुतलंत तर ते निघून जातं आणि मोटर किरकिरायला लागते. चुकून धुतलीच तर दोन्ही टोकांना तेलाचा एकेक थेंब.

सस्पेन्शन
लिंबूसत्ताचा सल्ला गिअरपुरताच ठेवा. टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन चाकांना उसळी देणारे दांडे, स्प्रिंगच्या पोलादाचे असतात. कडक पोलाद आम्लात हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं, दिसायला स्वच्छ आणि पहिल्याच उंचवट्यावर मोडतं. बारीक पॉलिशपेपर, तेल, फडकं. बस.

पिनियन
मॉडेलच्या बारवर एवढा ताण येतो कुठे? पण बारला पॉलिशपेपरने काम भागत असेल तर आम्लाचा हट्ट नाही.

सेलवाला
ट्रॅक ठीक, पण रिमोटमधल्या सेलच्या कप्प्याचं काय? तिथेही सगळे डोळे झाकून व्हिनेगर सांगतात, आणि तो सल्ला परदेशी व्हिडिओतून उचललेला असतो. तिकडे गृहीत धरलेला सेल अल्कलाइन असतो. त्यातून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अल्कधर्मी, म्हणून व्हिनेगर. आपल्याकडे वाण्याकडून स्वस्तातले आणलेले सेल बहुधा कार्बन-झिंक. त्यातून झिंक क्लोराइड, अमोनियम क्लोराइड गळतं, आम्लधर्मी. त्यावर व्हिनेगर म्हणजे आम्लावर आम्ल! तिथे सोड्याचं पाणी हवं. आधी सेलवरचं लेबल वाचा.

खाडीकाठचा पँथर
पुन्हा माझ्यावरच आलं. मी कप्प्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

सेलवाला
तुमच्यावर नाही, सगळ्यांवर आहे. दर पावसाळ्यानंतर तेच प्रश्न आणि तीच चुकीची उत्तरं.

पिनियन
एवढ्या रसायनशास्त्राची गरज नाही. दोन्ही प्रकारची गळती पाण्यात विरघळते. कापसाची काडी पाण्यात भिजवून, पिळून, चार-पाच वेळा पुसा. मग अल्कोहोल. पाणी सर्किटकडे वाहू द्यायचं नाही, एवढंच पथ्य.

सेलवाला
ताज्या गळतीला पुरेल, हे कबूल. जुनी, दगडासारखी झालेली खपली पाण्याने सुटत नाही. आणि पुसून चकाकलेली स्प्रिंग फसवते. खाली पोलाद असतं, वर निकेलचा पातळ मुलामा. मुलामा गेला की ती पुन्हा गंजणारच. प्रवाह कमी पडतो, रिमोट मधेच बंद पडतो आणि लोक रिसीव्हर बदलतात. स्प्रिंग बदला. तारेचं टोकही सोलून बघा: आवरणाच्या आत तांबं काळं पडलेलं असेल तर तिथे सोल्डर धरत नाही. लखलखीत तांबं लागेपर्यंत तार कापत मागे जा.

हिरवा कळंक
पितळी भागांचं कुणीच बोललं नाही. एक्झॉस्टच्या जाळ्या, हूक, साखळ्या. चिंच चोळली की हिरवं जातं, घरच्या भांड्यांसारखंच.

दातेरी
भांडं जाड असतं, जाळी कागदाएवढी. चिंचेचा कोळ चालेल, पण मऊ ब्रशने, मीठ न घालता, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवून. फटीत क्लोराइड राहिलं की कळंक परत येतो.

खाडीकाठचा पँथर
आता माझा प्रश्न. ट्रॅकला धातूची झाक यावी म्हणून तुम्हीच मागे पेन्सिलचं ग्रॅफाइट घासायला सांगितलं होतं. ग्रॅफाइट आणि जस्त एकत्र, वर दमट हवा, मग झिजणार कोण?

दातेरी
जस्तच. शेल्फवरच्या, लॅकर मारलेल्या मॉडेलला चालतं. वाळूत धावणाऱ्याला नको. हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

सस्पेन्शन
आणि साफ केलेला टँक प्लायवुडच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून, त्यातल्या गोंदातून आम्लाची वाफ निघते आणि जस्त पुन्हा पांढरं पडतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, सेल बाहेर. कडी फुगून तिला जाळीदार चिरा पडल्या असतील तर घासू नका. तो ओतकामातल्या शिशाच्या भेसळीचा रोग आहे आणि त्याला औषध नाही. तेवढ्या कड्या काढून नव्या घाला.