अ‍ॅपल पाय स्पर्धेत ठेवायचाय, खालची पारी ओली राहतेय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जत्रेतल्या घरगुती बेकिंगच्या स्पर्धेत यंदा अ‍ॅपल पायसाठी (मैद्याच्या दोन पाऱ्यांमध्ये सफरचंदाचं सारण भरून भाजतात तो) नाव दिलंय. घरात सगळे चाटूनपुसून खातात म्हणून उत्साहात फॉर्म भरला खरा, पण नियम वाचल्यावर कळलं की हे प्रकरण वेगळं आहे. घरी पाय ओव्हनमधून निघाला की लोक तुटून पडतात, रस वाहिला तरी वाटीत घेऊन चमच्याने खातात, तळ उलटा करून कोण बघतंय! तिथे सकाळी नेऊन द्यायचा, दुपारी परीक्षक गार झालेला पाय कापणार, तुकडा ताटलीत नीट उभा राहतो का, खालची पारी भाजलीय का हे बघणार आणि मग चव. माझं घोडं नेमकं त्या खालच्या पारीतच पेंड खातंय.

कृती अशी: वजनाने ३ भाग मैदा, २ भाग बटर, १ भाग बर्फाचं पाणी. बटर कडक गार, मैद्यात वाटाण्याएवढे तुकडे तसेच ठेवतो म्हणजे पदर सुटतात, गोळा तासभर फ्रीजमध्ये, मग लाटून २३ सेंमीच्या काचेच्या भांड्यात. सारण म्हणजे आंबट सफरचंदाच्या फोडी, साखर, दालचिनी, लिंबू, कॉर्नफ्लॉवर. वर दुसरी पारी, कडेला मुरड, मधे चिरा, अंड्याचा हात आणि १९० डिग्रीवर तासभर. वरून रंग एक नंबर येतो, कड कुरकुरीत, पण कापला की मधोमध तळ पांढरट, गिच्च आणि सारण घसरून बाहेर.

एकीने सांगितलं निम्म्या पाण्याऐवजी व्होडका घाल, अल्कोहोलमध्ये ग्लुटेन (मैद्याला चिवटपणा आणणारं प्रथिन) बनत नाही. पण माझी पारी चिवट नाहीये हो, ओली आहे, दुखणं एक आणि औषध भलतंच. तळ आधी रिकामाच भाजून घ्यावा म्हटलं तर वरची कच्ची पारी त्या भाजलेल्या कडेला चिकटणार कशी?

शिवाय नियमाप्रमाणे पाय फॉइलच्या वापरून टाकायच्या भांड्यातच द्यायचाय. त्यात तळ आणखी कच्चा राहील का? आणि आदल्या रात्री भाजू की पहाटे उठून? जाणकारांनी प्लीज सांगा, बायको म्हणते आता घरात सफरचंद दिसलं तरी नको वाटतं.

प्रतिसाद १:
रिकामा भाजायच्या फंदात पडू नका, दोन पाऱ्यांच्या पायला ते जमत नाही. आधी रसाचं बघा. फोडींना साखर लावून तासभर चाळणीत ठेवा, खाली जो रस गळेल तो आटवून दाट करा, गार झाला की कॉर्नफ्लॉवरसकट परत फोडींत. दुसरं म्हणजे १९० ने सुरुवात नको. जाड लोखंडी ट्रे सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवून ओव्हन २२० ला चांगला तापवा, पाय थेट त्या ट्रेवर ठेवा, २० मिनिटांनी १९० करा. फॉइलचं भांडं पातळ आणि चकचकीत, एकटं ठेवलं तर तळाला रंग धरायला वेळ लावतं, म्हणून तर ट्रे हवाच. आणि घड्याळ बघून बाहेर काढू नका, मधल्या चिरांतून दाट बुडबुडे यायला हवेत, कॉर्नफ्लॉवर तेव्हाच धरतं. कड आधीच लाल झाली तर तेवढीच फॉइलने झाका.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. पहाटे लवकर भाजा, सारण बसायला निदान ४ तास लागतात. जाळीवर गार करा, फ्रीजमध्ये अजिबात नको, पारी दमट होते. कोमट असताना डब्यात बंद केलात तर वाफेने वरचीही जाईल!

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, चाळणीचं आजच करून बघतो. एकच शंका, रस आटवताना दालचिनी त्यातच घालू की नंतर फोडींना लावू?