पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे पेन्सिल सेल कोणते?

प्रश्न: जागलीच्या टॉर्चला दोन पेन्सिल सेल लागतात. २८०० एमएएचचे (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा) रिचार्जेबल टाकले, पण न वापरताही महिना-दीड महिन्यात टॉर्च मंद होते. असं काऊन होते?

उत्तर १: भाऊ, मोठ्या आकड्यावर जाऊ नका. साधा रिचार्जेबल (निकेल-मेटल हायड्राइड) सेल नुसता ठेवला तरी महिन्याला २०-३० टक्के उतरू शकतो. पाकिटावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ (पडून राहिला तरी हळू उतरणारा) लिहिलेला, १९०० ते २००० एमएएचचा घ्या. चांगला असेल तर वर्षभरानंतरही बहुतेक चार्ज शिल्लक राहतो. एनेलूप ब्रँडचा सेल २००५ पासून याच जातीचा.

उत्तर २: त्यात आपलं ऊन! टिनाच्या खोपडीत मे महिन्यात कोणताही सेल लवकर उतरतो. घराच्या आतल्या, थंड खोलीत ठेवा, अन् टॉर्चमधून काढूनच. टॉर्च चालू राहून गेली तर दोघांतला कमजोर सेल उलटा चार्ज होऊन कायमचा बाद होऊ शकतो.

उत्तर ३: म्हणूनच जुना-नवा एकत्र नको, जोडीवर मार्करनं खूण करा. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासून थांबणारा पाहिजे. जोडीनंच चार्ज करणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये एक अर्धवट राहतो, दुसरा तापतो. सेलवर १.२ व्होल्ट पाहून घाबरू नका, असा रिचार्जेबल सेल तेवढ्याचाच असतो.