स्मरणिकेची पीडीएफ: वेलांटी मागे पडते, काळा मजकूर चार रंगांत जातो

प्रश्न
मंडळाची स्मरणिका आहे. ए-५, आतली ९२ पानं, परफेक्ट बाइंडिंग. मजकूर वर्डमधून इनडिझाइनमध्ये आणला, फॉन्ट मुक्ता. 'स्थिती'तली पहिली वेलांटी 'थ'च्या मागे पडते, जोडाक्षरं पाय मोडून दिसतात. शिवाय प्रेसवाले म्हणतात, काळा मजकूर चारही प्लेटवर आहे. सगळं कर्व्ह करून देऊ का? आणि हीच फाइल व्हॉट्सॲपवर चालेल?

उत्तर १
आत्ता कर्व्ह केलंत तर तुटलेली वेलांटीच कायमची गोठेल. बेसिक पॅराग्राफ स्टाइल उघडा, जस्टिफिकेशनमध्ये कंपोझर 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' करा. बाकीच्या स्टाइल तिच्यावर बेतलेल्या नसतील तर प्रत्येकीत जाऊन बदलावं लागेल. मथळे आणि पानक्रमांकांची मास्टर पानं हमखास सुटतात.

उत्तर २
काळ्याचं मूळ वर्डमध्ये आहे. स्वॉचेसमध्ये 'वर्ड_आर०_जी०_बी०' नावाचा रंग आलेला दिसेल. तो डिलीट करा, बदली म्हणून कंसातला 'ब्लॅक' द्या. 'रजिस्ट्रेशन' चुकूनही नको, तो सगळ्याच प्लेटवर जातो. मग पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडून आउटपुट प्रिव्ह्यूत फक्त ब्लॅकची खूण काढा: मजकूर पूर्ण गायब झाला पाहिजे. करडी अक्षरं उरली तर काम बाकी आहे. १० पॉइंटच्या अक्षरात रजिस्टर जरासं हललं तरी कडेला लाल-निळी सावली येते, आणि अनुस्वार तर भरूनच जातात.

उत्तर ३
९२ पानं म्हणजे १६ पानांचे ५ फर्मे आणि वर १२ पानं. ९६ करा, उरलेल्या ४ पानांत जाहिराती बसतील. ब्लीड चारही बाजूंनी ३ मिमी, म्हणजे पान १५४ × २१६ मिमी. मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठ एकाच सलग फाइलमध्ये. कण्याची जाडी प्रेसकडूनच घ्या; कागद ०.१ मिमीचा असेल तर ४८ पत्र्यांचे ४.८ मिमी होतात. पीडीएफ/एक्स-४ काढा, फॉन्ट त्यात एम्बेड होतो. कर्व्ह केलेला बारीक मजकूर थोडा जाड दिसतो. प्रेसने हट्टच धरला तर फक्त मुखपृष्ठ कर्व्ह करून द्या.

व्हॉट्सॲपसाठी वेगळी काढा: आरजीबी, सुटी पानं, ब्लीड आणि कटमार्क बंद, चित्रं १५० पीपीआय. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पानांचे फोटो करून पाठवलेत तर दाबले जाऊन बारीक अक्षरं फाटतात.

प्रश्नकर्ता
वेलांटी जागेवर आली. करडी अक्षरं मात्र दोन पानांवर अजून दिसतात.

उत्तर २
ती दोन पानं बहुधा चित्र म्हणून आलेल्या जाहिराती असतील. त्यांचा मजकूर नव्याने टाइप करा, स्वॉचने ते सुटणार नाही.