तिघांच्या खोलीत सात जण: तक्रार करावी की आपसात व्यवस्था लावावी?

गोदाकाठ (प्रश्न)

मी पुण्यात विज्ञान शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि विद्यापीठाच्याच मुलांच्या वसतिगृहात राहतो. विद्यापीठाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. वाटपपत्राप्रमाणे आमची खोली तिघांची आहे आणि तीन कॉट, तीन टेबले व तीन कपाटे एवढ्या सामानानेच ती भरून जाते. प्रत्यक्षात मात्र रात्री तिथे सात जण झोपतात, कारण माझ्या दोन्ही रूम पार्टनरचे गावाकडचे मित्र, ज्यांना इथे सगळेच 'पॅरासाइट' म्हणतात, सत्राच्या सुरुवातीपासून आमच्याकडेच राहत आहेत.

कॉटच्या मधल्या जागेत गाद्या अंथरल्या की दार निम्मेच उघडते, त्यामुळे रात्री उठणाऱ्याला मोबाइलचा उजेड पाडून दोन उशांच्या मधे पाय टाकत बाहेर पडावे लागते. एकुलत्या एका खिडकीच्या गजांवर ओले टॉवेल आणि बनियन वाळत असल्याने हवा येत नाही आणि एका सॉकेटला लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर पाच चार्जर व एक टेबल लॅम्प लटकलेला असतो. ते चौघे रात्री दोनपर्यंत वाचतात; मला प्रयोगशाळेत सकाळी आठला हजर व्हायचे असते. झोप पुरी होत नाही आणि खोलीत अभ्यास करणे तर मी सोडूनच दिले आहे.

तरीही प्रश्न सरळ नाही. ही मुले वाईट नाहीत. दोघे राज्यसेवेची तयारी करतात, एकाला आमच्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला पण वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही, चौथा निकालाची वाट पाहतो आहे. पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे एका कॉटपुरती जागा भाड्याने घेऊन, राहायचे तर भाडे, मेस आणि अभ्यासिकेचे शुल्क मिळून दरमहा जेवढा खर्च येतो, तेवढी रक्कम यांच्या घरी पीक विकल्याशिवाय हातात येत नाही. मी रेक्टरांकडे तक्रार केली तर यांना रातोरात बाहेर काढतील, माझ्या रूम पार्टनरना दंड होईल, कदाचित त्यांची जागाही जाईल. अशा वेळी माझा हक्क मी कसा मागावा?

मुक्काम पोस्ट

विद्यार्थिदशेत मी स्वतः अशाच एका वसतिगृहात जमिनीवर गादी टाकून राहिलो आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. पहिली गोष्ट ही, की ज्याच्या नावावर खोली आहे त्याच्या झोपेवर आणि टेबलावर पाहुण्याचा हक्क नसतो, आणि हे स्पष्ट सांगण्यात माणुसकी कमी पडत नाही. आमच्या खोलीत ते पहिल्याच आठवड्यात सांगितले गेले होते आणि म्हणूनच आमच्यात भांडणे झाली नाहीत.

रविवारी सकाळी सातही जण खोलीत असताना बोला; एकेकट्याला गाठून बोललात तर त्याला ती कुरबूर वाटेल. अकरा वाजता मोठा दिवा बंद झाला पाहिजे आणि त्यानंतर ज्याला वाचायचे असेल त्याने वसतिगृहाच्या अभ्यासिकेत जावे, यावर आधी ठाम राहा, कारण झोपेचा प्रश्न सुटला की उरलेले प्रश्न निम्मे होतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे त्या दोघांना उत्तरे लिहिण्याचा सराव करायला टेबल लागणारच. तुम्ही प्रयोगशाळेत असता त्या वेळात तुमचे टेबल त्यांना वापरू द्या आणि तुम्ही परत आल्यावर ते रिकामे मिळेल असे ठरवून घ्या. दिवसा गाद्या गुंडाळून कॉटखाली गेल्या पाहिजेत. आठवा माणूस, एका रात्रीपुरतासुद्धा, सगळ्यांना विचारल्याशिवाय येणार नाही, हेही त्याच बैठकीत कबूल करून घ्या.

सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक गोष्ट म्हणजे मुदत. 'जागा मिळेपर्यंत' ही मुदत नव्हे. पूर्वपरीक्षा, सत्राचा शेवट, निकाल, यांपैकी प्रत्येकाला लागू पडेल तो दिवस त्याच्याच तोंडून वदवून घ्या. निकालाची वाट पाहणाऱ्या मुलापासून सुरुवात करा. त्याला पुण्यात राहण्याचे कारण सर्वांत कमी आहे.

माजी वॉर्डन

मी एका महाविद्यालयात शिकवते आणि काही वर्षे मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहिले आहे. वरच्या सूचना उपयोगी आहेत, परंतु त्यांनी प्रश्न खोलीच्या चार भिंतींतच राहतो. मराठवाडा आणि विदर्भातून पुण्याला येणाऱ्यांची संख्या मोठी, नवे अभ्यासक्रम सुरू होतात, प्रवेशाच्या जागा वाढतात, पण वसतिगृहाच्या खोल्या त्या प्रमाणात बांधल्या जात नाहीत. त्यात निकाल लांबले की जुने विद्यार्थी खोल्या सोडत नाहीत आणि नव्यांची यादी अडून राहते. त्यामुळे तुमच्या खोलीतल्या गर्दीचा भार शेवटी तुम्ही वाहता आहात आणि ज्यांनी तो वाहायला हवा त्यांच्यापर्यंत तुमचे म्हणणे पोहोचलेलेच नाही.

कोणाचेही नाव न घेता अर्ज करता येतो. खोलीची मंजूर क्षमता, अपुरी स्वच्छतागृहे, विजेच्या जोडण्यांवरचा भार आणि अभ्यासिकेची वेळ वाढवण्याची गरज एवढेच लिहा, शिवाय स्वतःसाठी खोली बदलून मागा. दखल घेतली गेली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार अशी समिती प्रत्येक संस्थेत असणे बंधनकारक आहे, तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिचा निर्णय पटला नाही तर त्यानंतर १५ दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. गप्प बसावे म्हणून कोणी तुम्हाला धमकावले तर मात्र तो निराळा विषय होतो. त्यासाठी रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ दिवसरात्र चालू असते.

चौघांना एकाच मापाने मोजू नका, हेही सांगते. ज्याला प्रवेश आहे पण जागा नाही, त्याने वसतिगृहाची पुढची यादी आणि शासनाच्या योजना दोन्ही पाहाव्यात. तो अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध असेल आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल, तर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. पैसे उशिरा येतात ही तक्रार खरी आहे, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात भरावा. कुठेही प्रवेश न घेता केवळ स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना या योजना लागू होत नाहीत आणि माझ्या मते या मुलांची सर्वांत मोठी अडचण तीच आहे.

डॉक्टर, ग्रामीण रुग्णालय

आरोग्याविषयी थोडेच लिहितो, पण ते टाळू नये. खिडकी झोपताना उघडी ठेवा आणि कपडे गच्चीवर वाळवा, कारण बंद खोलीत दाटीने झोपणाऱ्यांमध्ये क्षयरोग सहज पसरतो. कोणाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. ती मोफत होते.

खरूज झाली तर सातही जणांनी एकाच दिवशी उपचार घ्यावेत, ज्याला खाज नाही त्यानेसुद्धा, कारण पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात आणि तोवर तो इतरांना ती देत राहतो. चादरी त्याच दिवशी गरम पाण्यात धुवा. ढेकणांचेही तसेच: उपाशी राहूनही ते कित्येक महिने जगतात, म्हणून एका कॉटवर औषध मारून काही होत नाही, पूर्ण खोली रिकामी करावी लागते. आणि त्या एक्स्टेन्शन बोर्डवर इंडक्शन किंवा पाणी तापवायची कॉइल लावत असाल तर आजच बंद करा.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल सगळे बसून बोललो. अकराला दिवा बंद हे मान्य झाले आणि निकालाची वाट पाहणारा मुलगा या महिनाअखेरीस गावी जाणार आहे. राज्यसेवेवाल्या दोघांनी मात्र पूर्वपरीक्षेच्या पुढची तारीख दिली नाही आणि तिथे बैठक थोडी तापली. अर्जाचा मसुदा आज रात्री लिहितो. एक शंका आहे: अर्जावर मी एकट्याने सही करावी की रूम पार्टनरचीही घ्यावी?

माजी वॉर्डन

खोली तिघांच्या नावावर आहे, तेव्हा तिघांच्याही सह्या घ्या. शक्य असेल तर तुमच्या मजल्यावरच्या इतर खोल्यांचे अर्जही सोबत जोडा, कारण एका खोलीच्या अर्जावर खोली तपासायला माणूस येतो आणि दहा खोल्यांच्या अर्जावर बैठक लावावी लागते. खोली बदलण्याची मागणी मात्र स्वतंत्र कागदावर, फक्त तुमच्या सहीने करा. दोन्ही अर्ज आवक विभागात द्या आणि तारखेसह शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.