उत्तर: कोचला बळीचा बकरा केला?

दादा, इथल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल कोचला, पॅट फिट्झगेराल्डला, काढलं त्यावर तुमचं "पोरांची मस्करी, त्यात कोचचा काय दोष" हे काही पटलं नाही बुवा. मी शिकागोजवळच राहते, नॉर्थवेस्टर्नची (अमेरिकन) फुटबॉल टीम म्हणजे आमच्या घरचं दुखणं. २०२२ मध्ये १२ पैकी ११ मॅच हरले, जिंकले ती एकच आणि तीही आयर्लंडमध्ये डब्लिनला, म्हणजे इथे स्टेडियममध्ये कुडकुडत बसणाऱ्या आम्हाला वर्षभरात एक विजय डोळ्यांनी बघायला मिळाला नाही! तरी टीमच्या रंगाची जांभळी टोपी घालून जायचोच. आणि मग २०२३ च्या जुलैत हेझिंगचं बाहेर आलं. आपल्याकडच्या हॉस्टेलमधलं रॅगिंगच ते, फक्त टीमच्या लॉकर रूममधलं. युनिव्हर्सिटीने आधी फिट्झगेराल्डला दोन आठवडे बिनपगारी घरी बसवलं आणि विषय मिटवायला बघितला, पण विद्यार्थ्यांच्याच पेपरने, डेली नॉर्थवेस्टर्नने, लैंगिक छळाचे तपशील छापले आणि दोन दिवसांत त्याची नोकरी गेली. २००६ पासूनचा कोच, त्याआधी इथलाच स्टार खेळाडू, वाईट मलाही वाटलं. नंतर २०२५ मध्ये त्याची युनिव्हर्सिटीशी तडजोड झाली, कुणा खेळाडूने त्याला हे सांगितलं किंवा त्याने हे चालू दिलं असं पुराव्यातून सिद्ध झालं नाही असं युनिव्हर्सिटीच म्हणाली, मान्य. पण स्वतःच्या टीममध्ये काय चाललंय हे कोचने बघायचं नाही तर कोणी?

आणि गंमत बघा, त्याच सीझनला नवा कोच डेव्हिड ब्रॉनने ८ मॅच जिंकून दिल्या. मी ओरडत होते, आणि मधेच मनात यायचं, ज्यांचा छळ झाला त्या पोरांना हा आवाज ऐकून काय वाटत असेल. टोपी अजून खुंटीलाच आहे.