डिकीजवळ दणदणीत, चालकाच्या आसनावर पोकळ : सबवूफरचा दोष नेमका कोठे?

मंद्रसप्तक यांचा प्रश्न

दोन महिन्यांपूर्वी मी माझ्या हॅचबॅक गाडीत १० इंची सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) बसवून घेतला. वूफर दुहेरी कॉइलचा (पडदा हलवणाऱ्या तारेच्या दोन गुंडाळ्यांचा) असून प्रत्येक कॉइल ४ ओहमची आहे. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या आहेत आणि २ ओहमवर ३०० वॉट आरएमएस (सलग मिळणारी शक्ती) देणारा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प्लिफायर त्यांना दिला आहे. पेटी बंद प्रकारची आहे. म्युझिक सिस्टिम मात्र गाडीबरोबर आलेलीच ठेवली. माझ्या गाडीत मागच्या दारांना स्पीकर नाहीत, पण त्यांच्यासाठीच्या तारा ओढलेल्या आहेत. अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल त्याच तारांवरून घेतला आहे.

डिकी उघडून मागे उभे राहिले की खर्ज अंगावर येतो, पण चालकाच्या आसनावर बसून तबला ऐकला तर चाटीवरचे बोल स्वच्छ येतात आणि डग्ग्याचा घुमारा तेवढा हरवलेला असतो. दोन गोष्टी मला विशेष चमत्कारिक वाटतात. फेडर (पुढच्या आणि मागच्या स्पीकरमधला तोल बदलणारी सोय) पूर्ण मागे नेऊन पुढचे स्पीकर बंद केले, तर आसनावरही खर्ज भरदार येतो. फेडर मध्यावर आणला की तो पुन्हा ओसरतो. शिवाय आवाज ३० पैकी २२ च्या पुढे नेला की गाणे मोठे होते, खर्ज मात्र वाढत नाही. दुकानदाराच्या मते ३०० वॉट अपुरे पडत असून ६०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागेल. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

घाटरस्ता

माझ्याकडेही असेच होत होते. गेन पूर्ण वाढवा आणि बास बूस्ट (खर्ज वाढवण्याची सोय) चालू करा, म्हणजे नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याची वेळ येणार नाही.

तारजोड

घाटरस्ता यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे. येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायरचा मेळ बसवण्याची ती सोय आहे. ती पूर्ण फिरवली तर लहरींचे माथे छाटले जातात आणि वूफरची कॉइल तापून जळण्याचा धोका निर्माण होतो. ३०० वॉट आणि २ ओहम यांचा गुणाकार ६००, त्याचे वर्गमूळ सुमारे २४.५, म्हणून ५० हर्ट्‌झचा अखंड स्वर लावून, बास बूस्ट शून्यावर ठेवून आणि वूफरच्या तारा सोडवून अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर एसी २४.५ व्होल्टपर्यंत गेन आणावा आणि तेथेच थांबावे.

आता मूळ दुखण्याकडे वळू. आपले फेडरचे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. पुढचे स्पीकर चालू केल्यावर आवाज करणारी साधने वाढतात, तरीही खर्ज कमी होतो. याचा अर्थ वूफर दुबळा नाही, तर दारांतले स्पीकर आणि वूफर परस्परांचा आवाज खोडून काढत आहेत. एकाचा कोन (पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा) हवा पुढे ढकलत असताना दुसऱ्याची लहर ती मागे ओढत आपल्या कानाशी पोहोचत असेल, तर ६०० काय, १२०० वॉट लावूनही आसनावर समाधान होणार नाही. डिकीमागे उभे राहिल्यावर वूफर अगदी जवळ आणि दारे लांब असतात, म्हणून तेथे ही खोडाखोड जाणवत नाही.

दोन्ही कॉइल एकमेकींविरुद्ध जोडल्या गेल्याची शंका काही जण काढतील. तसे झाले असते तर कोन जवळजवळ हललाच नसता आणि डिकीजवळही दणका मिळाला नसता. (मल्टिमीटरवर ही चूक कळत नाही, कारण सुलट जोडा की उलट, रोध तेवढाच दिसतो.) त्यामुळे ती शक्यता येथे मी बाजूला ठेवतो.

उपाय फुकटचा आहे. अ‍ॅम्प्लिफायरवर ० आणि १८० अंशांचे फेज बटण (लहर सुलट-उलट करणारे) असल्यास ते बदलावे. नसल्यास अ‍ॅम्प्लिफायरकडून वूफरच्या पेटीत जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करावी. हे करताना डोके चालकाच्या जागी असावे आणि बटण दुसऱ्याने दाबावे. ८० हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर लावून ज्या स्थितीत तो मोठा ऐकू येईल ती स्थिती आपली. तारांवरच्या खुणांप्रमाणे ती उलट जोडणी ठरली तरी मनात किंतु ठेवू नये. ८० हर्ट्‌झची लहर सुमारे ४.३ मीटर लांब असते; वूफर आणि दाराचा स्पीकर यांच्या कानापासूनच्या अंतरात एक मीटरचा फरक असला, तरी पाव लहरीचे अंतर पडते, आणि लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर पुढे जाऊ देणारी सोय) स्वतःचा विलंब त्यात घालतो तो वेगळाच. कागदावरचे अधिक-उणे आणि कानापाशी पोहोचणारे अधिक-उणे एक असतीलच असे नाही.

२२ च्या पुढचा प्रश्न निराळा आहे. कारखान्यातून आलेल्या अनेक सिस्टिम लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढताना खर्ज आपणहून कापतात. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार! खात्रीसाठी मागच्या स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर एसीवर ठेवून प्रथम ५० आणि मग २०० हर्ट्‌झचा स्वर लावावा आणि आवाजाच्या प्रत्येक पायरीला व्होल्टेज लिहून घ्यावे. २०० चे आकडे चढत राहिले आणि ५० चे अडले, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरकडे नाही.

जुना वायरमन

वरील विवेचन पटले. माझी भर एवढीच की, खटाटोप करताना विजेचा पुरवठाही तपासावा. इंजिन चालू ठेवून, खर्जाचे गाणे लावून, बॅटरीच्या टोकांवर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजावे. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक निघाल्यास तार बारीक आहे किंवा अर्थिंग कच्चे आहे. स्वस्त संचातील तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. एक बारीक धागा ब्लेडने खरवडला की आतला पांढरा रंग दिसतो. अ‍ॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असल्यामुळे त्याच जाडीत ती कमी पडते. अर्थिंगची तार हातभराहून लांब नसावी आणि तिच्याखालचा रंग पत्रा उघडा पडेपर्यंत घासलेला असावा. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी कधीही वापरू नये.

मंद्रसप्तक

आज सकाळी मुलाला डिकीजवळ बसवून प्रयोग केला. फेजचे बटण १८० अंशांवर जाताच आसनावर डग्गा परतला, आणि आता फेडर मध्यावर आणल्यावर खर्ज कमी न होता वाढतो. व्होल्टेजमधील फरक ०.२ निघाला, म्हणजे तार निर्दोष आहे. गेन मात्र दुकानदाराने जवळजवळ पूर्ण चढवून ठेवला होता, तो २४.५ व्होल्टवर उतरवला. ५० हर्ट्‌झचे आकडे २१ व्या पायरीनंतर जागचे हलत नाहीत, २०० चे हलतात. मी एरवी १८ च्या पुढे जात नाही, त्यामुळे सिस्टिम बदलण्याचा विचार तूर्त सोडला आहे. नवी अडचण एकच : डिकीच्या दारावरची नंबर प्लेट प्रत्येक ठोक्याला खडखडते.

तारजोड

प्लेटच्या मागे फेल्टची पट्टी किंवा दुहेरी चिकटपट्टीचा फोम लावून स्क्रू पुन्हा आवळावेत. तरीही खडखडाट राहिला तर डिकीच्या दाराचे आतले प्लॅस्टिक आच्छादन हाताने दाबून पाहावे. पुष्कळदा क्लिप सैल असते आणि आळ प्लेटवर येतो.