मत्स्यालय तर किल्ल्याला लागूनच आहे!
'सिंधुदुर्गावर तटबंदी सोडली तर बघायला काही नाही, एखादं मत्स्यालय तरी हवं होतं' असं वर कुणीतरी लिहिलंय. गाइडने घाई केली ही तुमची तक्रार मलाही पटते, पण मत्स्यालयाचं म्हणाल तर तुमची होडी त्याच्यावरूनच गेली! किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतो. सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि खाली जिवंत प्रवाळ.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. परतीच्या होडीची वाट बघत तटाखालच्या खडकांत वाकून बसलो. कातळाला चिकटलेली कालवं, एक तिरपी पळणारी कुर्ली, आणि खळग्यातल्या पाण्यात बोटभर समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, पाणी जरा ढवळलं की अंग चोरून घेणारा. मुलगी हात घालायला गेली तर होडीवाले काका ओरडलेच, कालवाची कड ब्लेडसारखी कापते म्हणे. तेव्हा ओहोटीची वेळ बघूनच जा. स्नॉर्केलिंग करणार असाल तर प्रवाळावर पाय मात्र टेकू नका, ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. आणि हो, चहूबाजूंनी खारं पाणी असताना आतल्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तिन्ही विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत, त्या बघितल्यात का?